बाहेरून लावलेलं कुलूप

माझी आई सौंसरला मराठी प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. तीसेक वर्षं तिने दुसरीचाच वर्ग घेतला. पहिलीची पोरं रडतात आणि तिसरीची ऐकत नाहीत, दुसरीची तेवढी शिकतात, असं ती म्हणायची. मीही तिच्याच वर्गात होते. शाळेत बाई म्हणायचं आणि घरी आई, असा नियम होता. शाळेत चुकून आई म्हटलं, तर ती ऐकू न आल्यासारखं करायची.

मी सतरा वर्षांची असताना वडील गेले. ते तहसील कचेरीत कारकून होते. वर्षभराने त्यांच्या जागी मला अनुकंपेवर नोकरी लागली. तेव्हापासून आम्ही दोघीच. भाड्याच्या दोन खोल्या, मागे न्हाणी, अंगणात कडुनिंब. सकाळी बरोबर निघायचो. चौकात ती उजवीकडे वळायची, मी सरळ जायची. माझ्या लग्नाचं बोलणं दोनदा झालं आणि दोनदा फिसकटलं, पण त्याचं आम्हा दोघींनाही फार वाईट वाटल्याचं मला आठवत नाही. आमचं बरं चाललं होतं.

ब्याऐंशी किंवा त्र्याऐंशीचा हिवाळा असेल. संत्र्याची तोड चालू होती. दुपारी कचेरीत एक जण जमिनीची नक्कल घ्यायला आला. हा माझ्याच वर्गातला, आईच्याच हाताखाली शिकलेला. आता त्याची स्वतःची संत्र्याची बाग होती. नक्कल मिळाली तरी तो टेबलापासून हलेना.

"बाईची तब्येत बरी हाय ना?"

"बरी आहे. काऊन?"

"काही नाही," तो म्हणाला. मग जरा हसून, "माझी पोरगी दुसरीत हाय ना. तिनं घरी येऊन सांगतलं. बाई हजेरी घेऊन राहिल्या होत्या, तर तिचं नावच नाही घेतलं. माझं घेतलं. मंग बाकीची बी सारी आपल्याच वेळची नावं. पोरं चूप. कोणी बोलेना तर बाई रागावल्या. मंग माझी पोरगी उभी राह्यली न म्हणे, हजर."

मी म्हटलं, "गंमत केली असेल. इतकी वर्षं झाली, नावं तोंडात बसलेली असतात."

"हाव, तसंच असन." तो दारापर्यंत गेला आणि परत आला. "आठ दिवस झाले तसंच चालू हाय म्हणते. आता पोरांनी नावं वाटूनच घेतली."

मला त्याचा राग आला. तो चांगल्या मनाने सांगत होता हे कळूनही आला. मी पुढचा कागद ओढला आणि मान खाली घातली. तो कधी गेला ते पाहिलं नाही.

संध्याकाळी घरी आले तर आई पायरीवर बसून मेथी निवडत होती. मी तिच्याजवळ बसले आणि त्या दिवशी पहिल्यांदा तिच्या हातांकडे लक्ष देऊन पाहिलं. ती पानं खाली टाकत होती आणि काड्या टोपल्यात ठेवत होती. मी टोपली माझ्याकडे घेतली. मग एकेक आठवायला लागलं. वर्तमानपत्र ती रोज हातात धरायची, पण त्यातलं काही सांगेनाशी झाली होती. किराणा दुकानात गेली की दोन वेळा हळद आणायची. आज वार कोणता, हे सकाळी तीनदा विचारायची. मी प्रत्येक वेळी उत्तर देऊन मोकळी झाले होते. वय झालं, असं मनात म्हणत होते. तिचं वय पंचावन्न होतं.

पुढच्या महिन्यात हेडमास्तरांनी मला बोलावून घेतलं. भला माणूस. खुर्ची दिली, चहा मागवला, आणि बराच वेळ शाळेच्या गळक्या छताबद्दल बोलत राहिले. शेवटी म्हणाले, "बाईंनी आता आराम करावा. मोठी मेडिकल सुट्टी टाका. पुढचं मी पाहतो." अर्जावर आईची सही लागणार होती. ती मी घरी घेतली. उन्हाळी प्रशिक्षणाचा फॉर्म आहे, असं तिला सांगितलं. तिने न वाचता सही केली. आयुष्यात तिने न वाचता सही केलेली मी तेव्हाच पाहिली.

त्यानंतर रोज सकाळी तेच. ती आंघोळ करून, पांढऱ्या साडीला पिन लावून, पिशवी घेऊन दारात उभी.

"आज सुट्टी आहे, आई."

"काहाची सुट्टी?"

"सरकारी आहे."

"रोजच कशी सरकारी सुट्टी? पोरं वाट पाहून राहिली असतील."

मी कधी समजवायची, कधी ओरडायची, कधी खरं सांगायची. खरं सांगितलं की ती भिंतीला टेकून बसायची आणि रडायची. तासाभराने ते विसरून पुन्हा पिशवी घ्यायची. आजारी आहेस हे मी तिला किती वेळा सांगितलं असेल त्याला गणती नाही. दर वेळी ती ते पहिल्यांदाच ऐकायची.

एका दिवशी मी कचेरीत असताना ती निघून गेली. शेजारणीने निरोप पाठवला तेव्हा दीड वाजला होता. शाळेत नाही, बाजारात नाही. बसस्टँडवर एका पानवाल्याने सांगितलं, बाई पांढुर्ण्याच्या गाडीत बसल्या, कंडक्टरनेच हात धरून बसवलं. मी पुढची गाडी धरली. तो रस्ता मला कधी इतका लांब वाटला नव्हता. दोन्ही बाजूंना कापसाची रानं, बायका वेचणी करत होत्या, आणि मी प्रत्येक पांढऱ्या पदराकडे वाकून पाहत होते.

आईचं माहेर सावरगावचं. पांढुर्ण्यात उतरून जाम नदी ओलांडली की सावरगाव. मला ती नदीच्या अलीकडेच सापडली. पात्रात पाणी थोडंच होतं, बायका धुणं धूत होत्या. आई काठावर दगडावर बसली होती, पिशवी मांडीवर. चपला नव्हत्या. पाय फुटले होते.

"आई, इथं काय करून राहिली?"

"बाबा येतील न्यायले," ती म्हणाली. "मले एकटीनं नदी नको ओलांडू म्हणे."

तिचे वडील जाऊन वीस वर्षं झाली होती. सावरगावचं घर विकूनही जवळपास तेवढीच. मी तिथेच वाळूत उभी राहून तिला हे सगळं मोठ्या आवाजात सांगितलं. धुणं धुणाऱ्या बायका थांबून पाहू लागल्या. आईने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू तिचे वडील त्याच क्षणी गेले आणि ती बातमी मीच आणली. मग ती जी रडली, ती सौंसरचा स्टँड येईपर्यंत रडत होती.

दुसऱ्या दिवसापासून मी दाराला बाहेरून कुलूप लावून कचेरीत जाऊ लागले.

हे लिहिणं सोपं नाही. तेव्हा मात्र मला दुसरं काही सुचत नव्हतं. पोळी-भाजी ताटात झाकून ठेवायची, पाण्याचा तांब्या भरून ठेवायचा, चूल विझवून काड्यापेटी पर्समध्ये टाकायची आणि कुलूप लावायचं. कुलूप लावताना ती आतून विचारायची, "कोण आहे?" मी उत्तर देत नसे. शेजारीण सांगायची की दुपारी बाई दार वाजवतात, हाका मारतात, मग गप्प होतात. लोक बोलू लागले. कुणी म्हणे करणी केली, कुणी म्हणे नवऱ्यामागे इतकी वर्षं मन मारून राहिली, ते आता डोक्यात गेलं. जवळच्या एका देवस्थानात अशा माणसांना नेतात, तिथेही मी तिला पाच शनिवार नेऊन आणलं. आजूबाजूच्या बाया घुमत होत्या, केस सोडून ओरडत होत्या. आई त्यांच्यामध्ये शांत बसून होती. एका मुलीला तिने हळूच सांगितलं, "केस बांध बाई, असं शाळेत येत नाही."

मी झोपत नव्हते, धड जेवत नव्हते. कचेरीतलं काम मागे पडायला लागलं, म्हणून एका शनिवारी नकलांच्या अर्जांचं रजिस्टर घरी आणलं. तसं आणायची परवानगी नव्हती. सोमवारी सकाळी निघताना पिशवीत घालायला गेले तर ते टेबलावर उघडं पडलेलं, आणि आई लाल पेन हातात घेऊन त्यावर वाकलेली. सौंसर हिंदी राज्यात, म्हणून कचेरीचं काम हिंदीतून चाले. तिने प्रत्येक 'भूमि'चं 'भूमी' केलं होतं, प्रत्येक 'कृषि'चं 'कृषी', 'पति'चं 'पती'. सहा पानं. अधिकाऱ्याच्या सह्यांवरून लाल रेघा. शेवटच्या पानाखाली तिच्या त्या सुंदर अक्षरात शेरा होता: शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे.

मी तिला मारलं.

गालावर, जोरात. तिचा चष्मा पडला. ती गालावर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "नाही करणार." बस, एवढंच. लहान मुलीच्या आवाजात. मी चष्मा उचलून तिच्या हातात दिला, रजिस्टर पिशवीत टाकलं, कुलूप लावलं आणि कचेरीत गेले. साहेबांपुढे रजिस्टर ठेवून सगळं सांगितलं. मारल्याचं सोडून सगळं. त्यांनी पानं उलटली, शेरा वाचला, आणि म्हणाले की सहा पानं नव्याने लिहून आणा. त्यांनी मला ताकीदसुद्धा दिली नाही. ती दिली असती तर बरं झालं असतं, असं मला दिवसभर वाटत राहिलं.

त्यानंतर आठवडाभरात मावशी आली. आईची धाकटी बहीण, रामाकोन्याला दिलेली. तिथे त्यांची शेती, संत्र्याची बाग. मुलंबाळं नव्हती, नवरा जाऊन चार वर्षं झाली होती, दिराच्या कुटुंबात राहायची. ती कधी न कळवता येत नसे, पण त्या दिवशी आली, आणि दुपारी आली. दाराला कुलूप आणि आतून आईचा आवाज. ती कडुनिंबाखाली संध्याकाळपर्यंत बसून राहिली आणि बंद दारातून आईशी बोलत राहिली. मी आले तेव्हा तिने माझ्या हातातून किल्ली घेतली आणि स्वतः दार उघडलं. आईने लुगडं ओलं केलं होतं. मावशीने तिला धुतलं, कोरडं नेसवलं, केस विंचरले. मग माझ्याकडे वळली.

"किती दिवसापासून कोंडून ठेवून राहिली तिले?"

"मग मी काय करू?" मी म्हटलं. "नोकरी सोडू? खायचं काय?"

मला वाटलं ती शिव्या देईल. ती म्हणाली, "मले काऊन नाही सांगतलं?"

लाज वाटत होती, हेच खरं. आईची लाज वाटत होती आणि त्याची आणखी लाज.

मावशीनेच नागपूरचं काढलं. तिच्या गावातल्या कुणाला तिथल्या मोठ्या दवाखान्यातल्या मेंदूच्या डॉक्टरने बरं केलं होतं. आम्ही तिघी पहाटेच्या गाडीने गेलो. डॉक्टर वयस्क होते, मराठी बोलणारे. त्यांनी आईला घाईने काही विचारलं नाही. आधी शाळेबद्दल बोलले. आई इतकी छान बोलली की हिला काही झालंच नाही असं मला वाटायला लागलं. मग त्यांनी तिला घड्याळ काढायला सांगितलं, गोल आणि आकडे. ज्या हाताने तिने हजारो पोरांना आकडे गिरवायला शिकवले होते, त्या हाताने तिने गोल काढला आणि बाराही आकडे त्याच्या एकाच बाजूला एकावर एक कोंबले. तिला कळलं की चुकलंय. तिने तो कागद पदराखाली लपवला.

डॉक्टरांनी मावशीला तिच्यासोबत बाहेर बसवलं आणि मला सांगितलं. आजाराचं नाव डिमेन्शिया. मेंदू हळूहळू सुकत जातो. नवीन गोष्टी आधी जातात, जुन्या मागून. हे वेड नाही, करणी नाही, आणि हट्ट तर मुळीच नाही. याच्यावर औषध नाही.

"तुम्ही तिला चूक दाखवून देता?" त्यांनी विचारलं.

"हो. रोज."

"ते सोडा. तिला जे आठवत नाही ते पटवून देता येणार नाही. वडील येणार म्हणाली, तर वडील कसे होते ते विचारा. शाळेत जायचं म्हणाली, तर पाटी-पेन्सिल द्या. तिला येतं ते करू द्या, जे येत नाही त्याची परीक्षा घेऊ नका. आणि एकटं ठेवू नका. कुलूप नको."

कुलपाचं मी त्यांना सांगितलं नव्हतं. अशा घरांतून काय होतं ते त्यांना माहीत असावं. मग त्यांनी पेन खाली ठेवलं.

"तुम्ही किती तास झोपता?"

गेल्या दीड वर्षात हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि रडायला लागले. बाहेर रांग होती, आत एक नर्स उभी होती, तरी थांबता येईना. त्यांनी थांबवलंही नाही. नंतर एवढंच म्हणाले, की हा आजार वर्षानुवर्षं चालतो, एकट्या माणसाच्याने होत नाही, दुसरं माणूस बघा.

दुसरं माणूस बाहेर बाकावर बसलं होतं, आईला पेरूच्या फोडी भरवत.

असं ठरलं, की सोमवारी सकाळी मी आईला रामाकोन्याला पोचवायचं आणि शनिवारी संध्याकाळी घेऊन यायचं. लोकांनी यालाही नावं ठेवली, लेकीने आईला टाकलं म्हणून. पण रामाकोन्याला आई बरी राहू लागली. तिथे दिवसभर अंगणात माणसं असत. तोडीच्या दिवसांत संत्र्यांचे ढीग पडत आणि बाया लहान-मोठी निवडायला बसत. आईही बसायची. ती आकाराप्रमाणे न निवडता संत्री ओळीने मांडायची, एकेकाला हात लावत मोजायची, आणि एखादं घरंगळलं की रागवायची, "रांगेत बस." बाया हसायच्या, पण प्रेमाने. तिला बाईच म्हणायच्या. तिने मांडलेल्या ओळी मोडायच्या आधी विचारायच्या, "बाई, शाळा सुटली का?" तिने हो म्हटलं की मग उचलायच्या.

मीही झोपू लागले. सुरुवातीला त्या रिकाम्या घरात झोपण्याचंच अपराधी वाटायचं. तरी झोप यायची.

पुढच्या वर्षीच्या फेब्रुवारीतली एक शनिवारची संध्याकाळ. मी रामाकोन्याला पोचले तर आई ओसरीवर एकटी बसली होती, मावशी गोठ्यात होती. मी शेजारी बसले. ती माझ्याकडे पाहून ओळख नसल्यासारखी, पण आदराने हसली.

"तुम्ही कोणत्या वर्गावर आहात, बाई?"

डॉक्टरांचं आठवून मी म्हटलं, "तिसरीवर."

"तिसरीची पोरं ऐकत नाहीत," ती म्हणाली. मग जरा जवळ सरकली. "तुमाले पोरगी हाय?"

"नाही."

"मले हाय. हुशार हाय. तहसीलात हाय कामाले." तिने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मारते मले."

मला वाटलं मी उठून गोठ्यात जावं, मावशीला हाक मारावी, काहीही करावं. मी बसून राहिले. विचारलं, "कधी मारलं?"

"रोज मारते."

एकदाच. एकदाच मारलं होतं, आई. हे माझ्या ओठांपर्यंत आलं होतं. पण मी कुणाला सांगणार होते? माझा एक दिवस तिच्याकडे रोजचा होऊन राहिला होता. बाकी सगळं पुसून गेलं, मी तिला घातलेल्या आंघोळी, विंचरलेले केस, भरवलेले घास, आणि हे राहिलं.

"फार चुकलं तिचं," मी म्हटलं. "मी बोलीन तिच्याशी. तिच्या साहेबांना सांगीन."

आईने झटकन माझा हात धरला. "नका सांगू, बाई. तिची नोकरी जाईल. तिले कोणी नाही माझ्याशिवाय. थकून येते बिचारी."

तिने बराच वेळ हात सोडला नाही. माझ्याकडून वचन घेतलं, साहेबांना सांगणार नाही म्हणून. मी दिलं. मावशी दुधाची बादली घेऊन आली आणि आम्हा दोघींना हात धरून बसलेलं पाहून तिला बरं वाटलं.

त्यानंतर आई अडीच वर्षं जगली. आधी माझं तहसीलातलं असणं गेलं, मग मुलगी असणंच गेलं. मराठी शब्द गळत गेले. शेवटी शेवटी ती फक्त एक ते दहा म्हणायची, तेही सातपर्यंत. मग तेही थांबलं. घास गिळायचं विसरू लागली तेव्हा मी बिनपगारी सुट्टी घेऊन रामाकोन्यालाच राहिले. मावशी आणि मी पाळीपाळीने तिला कूस बदलून द्यायचो. एका सकाळी, उन्हं ओसरीवर आली असताना, मी तिला पातळ भात भरवत होते. तिने घास तोंडात धरला आणि गिळला नाही. मला वाटलं नेहमीसारखंच असेल. मी थांबले. थोड्या वेळाने लक्षात आलं.

मावशीच्या दिराने अग्नी दिला. कन्हानच्या काठावर सगळं झालं. सौंसरहून बरीच माणसं आली होती, तिच्या हाताखालची, आता मिशा पांढऱ्या व्हायला लागलेली.

तिसऱ्या दिवशी पाहुणे गेल्यावर मावशी आणि मी मागच्या अंगणात गोधड्या उन्हात टाकत होतो. मी तिला सांगितलं. रजिस्टर, लाल पेन, गालावर मारलेलं, सगळं. गोधडीचं एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. तिने गोधडी दोरीवर टाकली, नीट केली. मग म्हणाली, "म्या बी ढकललं होतं तिले. न्हाणीत. तिनं माया हाताले चावा घेतला, तं म्या ढकललं. कोपर फुटलं तिचं. तुले सांगतलं होतं, घसरून पडली म्हणून."

ते मला आठवत होतं. त्या जखमेला मीच हळद लावली होती. मला मावशीचा राग यायला हवा होता. आला नाही. आम्ही उरलेल्या गोधड्याही टाकल्या.

सगळे म्हणत होते की सुटली बिचारी, तूही सुटलीस. तसं झालं नाही. मी कचेरीत जायची, यायची आणि बसून राहायची. जेवण जाईना. साध्या गोष्टी विसरायला लागले, आणि मग एक भीती बसली की हे माझ्यातही आलं. मी स्वतःला उलटे आकडे म्हणायला लावायची, वार विचारायची, चुकलं की घाम फुटायचा. उन्हाळ्यात एकटीच नागपूरला गेले, त्याच डॉक्टरांकडे. त्यांनी मला तपासलं आणि म्हणाले की तुम्हाला आईचा आजार नाही, तुम्हाला वेगळा आजार आहे, याला नैराश्य म्हणतात, आणि याच्यावर औषध आहे. मी मारल्याचं त्यांनाही सांगितलं. ते म्हणाले, "इथे आईला आणणाऱ्या दहा जणांपैकी निदान निम्म्यांनी ते केलेलं असतं. येऊन सांगणारे थोडे." यातून मला माफी मिळाली असं नाही. ते माफ करणारे कोण होते? पण गाडीत परत येताना मी डबा उघडून दोन पोळ्या खाल्ल्या.

गोळ्या वर्षभर घेतल्या. कचेरीत कुणाला सांगितलं नाही, वेड्याच्या गोळ्या म्हणाले असते. मावशीला सांगितलं. ती दर रविवारी रामाकोन्याहून यायची, स्वयंपाक करायची, मी जेवते की नाही ते समोर बसून पाहायची. आईबद्दल आम्ही बोलायचो नाही. मला तर आजाराआधीची आई आठवेनाशीच झाली होती. डोळे मिटले की ओसरीवरची, हात धरून बसलेली तीच दिसायची. तिच्यामागची चाळीस-पन्नास वर्षं कुठे गेली ते कळेना.

अशाच एका रविवारी, पोळ्याच्या सुमारास, मावशी कणीक मळता मळता एकदम म्हणाली, "सावरगावले असताना गोटमारीच्या दिवशी सारे नदीवर जात, पल्याडच्या लोकायले गोटे माराले. मी पाच वर्षाची असन. तुया आईले घरी ठेवत, मले सांभाळाले. बाहेर आरडाओरडा, मले भेव वाटे. मंग तिनं कोळसा घेतला न जमिनीवर अक्षरं काढली. म्हणे, गोटा कोठी पडला ते नको पाहू, हे पाह्य. दिवसभर शिकवलं तिनं मले. मी शाळेत नाही गेली ना कधी. सही करता येते ते त्या दिवसामुळं."

"आईने कधी सांगितलं नाही हे."

"तिले काय त्याचं. दहा वर्षाची होती ते."

मी तिला आणखी विचारलं. आई तेव्हा कशी दिसायची, कोणता परकर होता, अक्षरं पुसायला किती दिवस लागले. मावशीला जेवढं आठवलं तेवढं तिने सांगितलं. बरंचसं तीही विसरली होती. पोळ्या व्हायला त्या दिवशी फार उशीर झाला.